वाढत्या मापाचे स्की बूट? नकोच

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला येऊन दीड वर्ष झालं. या हिवाळ्यात घरातल्या चौघांनी पहिल्यांदा बर्फावर उतरायचं ठरवलंय. प्रश्न विचारणाऱ्या बाईंना (उंची १६० सेंटीमीटर) स्की शिकायची आहे, त्यांच्या मिस्टरांना (१७३ सेंटीमीटर, ७८ किलो) स्नोबोर्डच हवा. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेपाचचा. ऑफिसमधले म्हणतात, भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा एकदाच सगळं विकत घेऊन टाका. तर कोणाला काय घ्यायचं, किती मापाचं, आणि मुलांचं दोन-तीन वर्षं पुरेल असं थोडं मोठं घेतलं तर चालेल का?

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. कपडे मोठे चालतील. बूट आणि स्की नाही.

डेन्व्हरजवळच्या एका दुकानात गेले अकरा हिवाळे शनिवार-रविवारी मी बूट बसवायच्या बाकावर असते. पाच दिवस कॉम्प्युटरसमोर, दोन दिवस लोकांच्या पायांसमोर. आपल्याकडचं कुटुंब आलं की हा प्रश्न येतोच, आणि तो कुठून येतो तेही मला माहीत आहे. जूनमध्ये गणवेश घेताना बाही बोटांपर्यंत यायलाच हवी, बुटाच्या टोकात कापूस कोंबायचा, चौथीत घेतलेला बूट सहावीत नीट बसायचा. शाळेच्या बुटाचं ते निभतं. स्कीच्या बुटाचं काम वेगळं आहे. तुम्ही नडगी पुढे रेटता, पाऊल वळवता, ते बुटाला कळतं आणि बूट ते स्कीला सांगतो. बूट सैल असेल तर पाय आतल्या आत वळतो आणि स्की सरळ चालत राहते. पोराला वाटतं आपल्याला जमत नाही. मग आईबाप काय करतात? बकल आवळतात. पावलाच्या वरच्या बाजूने रक्त अडतं, बोटं बधिर होतात, पोर रडायला लागतं, आणि सगळ्यांना वाटतं थंडी वाजतेय. सैल बूट हाच गार बूट असतो. बाकावर बसून मी शिकलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच.

हे मी स्वतःच्या नखांवर शिकले. पहिल्या वर्षी एका जुन्या सामानाच्या बाजारात चाळीस डॉलरला बूट मिळाले. माझं पाऊल साडेतेवीस सेंटीमीटरचं, बूट साडेपंचवीसचे. दोन जाड मोजे घातले की घट्ट वाटतात, असं विकणाऱ्याने सांगितलं आणि मला पटलं. दिवसाअखेर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली होती. सैल बुटातच बोटं पुढे आपटतात, घट्ट बुटात नाही, हे कोणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं.

आता तुमचं. या वर्षी विकत काय घ्यायचं: हेल्मेट, गॉगल, हातमोजे, पायमोजे, कपडे. अंगाला लागणारं सगळं. भाड्याने काय घ्यायचं: स्की, बोर्ड, बूट, पोल (हातातल्या काठ्या). पण डोंगरावरच्या दुकानात रोजच्या भाड्याने नाही, शहरातल्या दुकानातून पूर्ण सीझनच्या भाड्याने. लहान मुलांचं सीझनचं भाडं डोंगरावरच्या थोड्याच दिवसांच्या भाड्याइतकं होतं, आणि मध्येच पाय वाढला तर बरीच दुकानं माप बदलून देतात. घेताना तेवढं विचारून ठेवा. हा करार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि लहान मापं आधी संपतात. ऑफिसमधल्यांचं गणित मोठ्यांसाठी तिसऱ्या वर्षी खरं ठरतं. मुलांसाठी ते फारसं कधी खरं ठरतच नाही, कारण साडेपाचच्या मुलाचा बूट पुढच्या हिवाळ्यात त्याला होणार नाही, आणि ताईचा बूट भावाला बसेल तोवर तो इतका वापरलेला असेल की आतलं अस्तर तिच्याच पायाचं झालेलं असेल.

तुम्ही स्वतः मात्र पाच-सहा दिवस डोंगरावर काढलेत आणि आवडलं, तर पहिली खरेदी बुटांची करा. स्की नंतर. लोक नेमकं उलट करतात, कारण स्की चकचकीत दिसते, तिच्यावर चित्रं असतात आणि बूट कोणालाच देखणे वाटत नाहीत. भाड्याची स्की आणि विकतची स्की यांतला फरक पहिली दोन वर्षं तुम्हाला कळणारही नाही. बुटांतला फरक पहिल्या वळणाला कळतो.

बुटाचं माप सेंटीमीटरमध्ये असतं, त्याला मोंडोपॉइंट म्हणतात. घरीच मोजता येतं: टाच भिंतीला लावून कागदावर उभ्या राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन टाका आणि सगळ्यात लांब बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर घ्या. दोन्ही पावलं मोजा, बहुतेकांची सारखी नसतात. तेवीस पूर्णांक सात आलं तर बूट साडेतेवीसचा बघायला सुरुवात करायची. होय, खालचा. बहुतेक कंपन्यांत २३ आणि २३.५ यांचं बाहेरचं प्लास्टिकचं कवच एकच असतं, फरक आतल्या अस्तरात किंवा तळव्यात. म्हणून दुकानदार तुमच्या पायात बूट चढवून "कसं वाटतंय" विचारत असेल, तर त्याला आधी अस्तर काढायला सांगा. रिकाम्या कवचात पाऊल घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. दीड ते दोन सेंटीमीटर, म्हणजे साधारण दोन बोटं. तीन बोटं आत गेली तर बूट मोठा, दुकानात तो कितीही मऊ लागो.

मग अस्तर परत घालून बूट चढवा. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे लागतील, आणि इथेच आपली माणसं म्हणतात, "हा लहान होतोय." गुडघे वाकवा, नडगी पुढच्या जिभेवर टेकवा. टाच मागे सरकते, बोटं सुटतात. असंच वीस मिनिटं दुकानात हिंडा. फोनवर बोला, मुलांना ओरडा, काहीही करा, पण बूट काढू नका. वीस मिनिटांनी एकाच जागी टोचत असेल तर ती जागा सांगा. प्लास्टिक गरम करून तेवढाच फुगवटा काढता येतो. मोठा बूट लहान करता येत नाही.

आपल्या पायांबद्दल एक निरीक्षण आहे, माझ्या बाकापुरतं. चपलांत आणि अनवाणी वाढलेली पावलं पुढे पसरलेली असतात. टाच अरुंद, पंजा रुंद. बुटाची रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, ढोबळमानाने ९८ पासून १०४ पर्यंत. ९८ चा बूट आपल्याकडच्या बऱ्याच पायांना चावतो. त्यावर लोक एक माप मोठा घेतात आणि पुन्हा त्याच सैलपणाच्या खड्ड्यात पडतात. लांबी तीच ठेवा, रुंदी वाढवा. १०२ च्या आसपासचे मागा. फ्लेक्स म्हणून एक आकडा असतो, बूट पुढे वाकायला किती कडक आहे याचा. नवशिक्या बाईला ६० ते ८० पुरे. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे त्या आकड्याची फार पूजा करू नका.

मोजा एकच, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा, लोकरीचा किंवा सिंथेटिक. थर्मलचा पाय बुटात कोंबायचा नाही, बुटाच्या वर थांबवायचा. आत कोंबलात तर त्याची घडी नडगीवर दाबली जाते आणि संध्याकाळी नीळ दिसते. मुलांच्या बाबतीत हे रोज सकाळी स्वतः हात घालून तपासा. "बूट चावतोय" या तक्रारीमागे कित्येकदा फक्त मोज्याची सुरकुती असते.

आता बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. याबद्दल जरा रागाने लिहिते, कारण इथे लोक खोटं बोलतात. पडताना ठरावीक जोर आला की खटका सुटायला हवा, नाहीतर स्की पायाला लांब दांड्यासारखी पिळते आणि गुडघा जातो. तो जोराचा आकडा ठरवायला दुकानात वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि तुम्ही कशी स्की करता, एवढी माहिती लागते. त्यावरून तक्त्यात बघून आकडा लावतात. त्याचं आयएसओ ११०८८ हे आंतरराष्ट्रीय मानकच आहे. वय ५० किंवा त्यापुढे असेल किंवा ९ आणि त्याखाली असेल तर आकडा एक पायरी खाली येतो, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांना हे लागू आहे. फॉर्मवर वजन लिहायची वेळ आली की बायका दहा पौंड कमी लिहितात, पुरुष आजूबाजूला बघून. मग आकडा कमी लागतो आणि भलत्याच ठिकाणी स्की निसटते. "कशी स्की करता" या रकान्यात पहिला प्रकार सावध, तिसरा वेगवान. दोनदा डोंगरावर गेलेला गृहस्थ तिसऱ्यावर खूण करतो, आकडा चढतो आणि पडल्यावर खटका सुटत नाही. तुम्ही चौघं पहिल्या प्रकारातले आहात. यात कमीपणा नाही. हा खटका स्क्रू-ड्रायव्हरने घरी फिरवायचा नाही, आणि बूट बदलला तर तळाची लांबीही बदलते, तेव्हा पुन्हा दुकानात. लहान मुलांच्या बुटांचे तळ मोठ्यांच्या तळांपेक्षा वेगळे असतात, त्यामुळे कोणताही बूट कोणत्याही खटक्यात "बसला" म्हणजे जमलं असं नाही.

याच कारणासाठी जुनं सामान घेताना जपा. स्कीवर खरचटलेलं चालतं. पण बाइंडिंग फार जुनं असेल तर ते कंपनीच्या मान्य यादीतून निघालेलं असतं आणि दुकान त्याला हात लावत नाही. मग तुमच्या साठ डॉलरच्या स्कीवर नवीन बाइंडिंग चढवायला त्याहून जास्त पैसे पडतात. बुटाचं प्लास्टिकही म्हातारं होतं. माळ्यावर पंधरा वर्षं पडलेला बूट उतारावर सरळ तडकलेला मी पाहिला आहे. हेल्मेट जुनं तर मुळीच नको. ते कुठे आपटलंय हे बाहेरून कळत नाही.

स्कीची लांबी सोपी आहे. नवशिक्यांना उभी केल्यावर हनुवटी ते नाक. तुम्हाला साधारण १४५ च्या आसपास. दोन्ही मुलांना छाती ते हनुवटी. ती १३० ची असेल तर स्की ११० च्या आगेमागे, तो ११० चा असेल तर ९० ते ९५. इथेही वाढत्या मापाचा मोह होतो, पण लांब स्की वळायला जड जाते आणि सुटल्यावर वेग जास्त घेते. मधली रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात. कोलोरॅडोत दुकानदार ९५-१०० ची दाखवतील, पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, काय मजा येते ते सांगतील. तुम्ही पहिली दोन वर्षं दाबून सपाट केलेल्या उतारावर असाल. ७२ ते ८२ पुरे, वळताना तेवढी स्की लवकर धारेवर येते. पोल तुम्हाला: दांडा उलटा करून टोकाजवळच्या चकतीच्या खाली धरला की कोपर काटकोनात यावं. मुलाला पोल देऊ नका. तलवारबाजी होते.

मिस्टरांचं प्रकरण वेगळं. बोर्डचे बूट मऊ, चालायला सोयीचे, बघणाऱ्याला वाटतं हे सोपं. पहिले दोन-तीन दिवस बोर्डवर बूड आणि मनगटं चांगली शेकून निघतात. स्की पहिल्या दिवशी जमते आणि पुढे वर्षानुवर्षं सुधारत बसावी लागते, बोर्डाचं उलटं. बोर्डच्या बाइंडिंगला सुटण्याची सोय नसते, दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, त्यामुळे गुडघे स्कीपेक्षा कमी पिळतात पण पडताना हात आपोआप जमिनीकडे जातात. म्हणून त्यांच्यासाठी मनगटाचे गार्ड आणि आतून पॅड असलेली हाफपँट विकत घ्याच. जॅकेटच्या बाहीखाली दिसत नाही, हे त्यांना सांगा म्हणजे घालतील.

बोर्डची लांबी उंचीपेक्षा वजनावर ठरते. ७८ किलोला १५५ च्या आसपास, मऊ. पाऊल मोठं असेल, अमेरिकन अकरा किंवा वर, तर रुंद बोर्ड मागा, नाहीतर बोटं बर्फात घासतात आणि माणूस तोंडावर पडतो. कोणता पाय पुढे हे दुकानात विचारलं की सगळे गोंधळतात. घरी मोजे घालून फरशीवर पळत येऊन घसरून बघायला सांगा. जो पाय आपसूक पुढे गेला तो पुढे. डावा पुढे म्हणजे रेग्युलर, उजवा पुढे म्हणजे गुफी. क्रिकेटच्या डावखुरेपणाशी याचा संबंध लावत बसू नका. बूट इथेही तोच नियम: टाच उचलली जायला नको, बोटं पुढे हलकी लागायला हवीत. मुलाला बाबांसारखाच बोर्ड हवा असा हट्ट होईल. एवढ्या लहान वयात मी आधी स्की देते. दोन्ही पाय मोकळे असले की सपाट जागेवर पोर स्वतः चालत जाऊ शकतं, दर दोन मिनिटांनी उचलावं लागत नाही.

हेल्मेट: भुवयांच्या एक बोट वरून टेपने डोक्याचा घेर मोजा. पट्टा न लावता डोकं हलवलं तर हेल्मेटही डोक्याबरोबरच हलायला हवं, मागाहून नाही. आत एएसटीएम एफ२०४० किंवा ईएन १०७७ असं लिहिलेलं बघा, ही स्कीच्या हेल्मेटची सुरक्षा मानकं. सायकलचं हेल्मेट चालत नाही. मुलीचे केस लांब असतील तर मानेजवळ एकच सैल वेणी. अंबाडा, क्लचर, वर बांधलेली पोनी यांतल्या कशावरही हेल्मेट बसत नाही. गॉगल घेताना हेल्मेट डोक्यावर ठेवूनच बघा, मध्ये कपाळाची पट्टी उघडी राहायला नको. कोणाला चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा गॉगल मागा. काचेवर एस१ ते एस३ असं काही लिहिलेलं असतं: एस१ ढगाळ दिवसाला, एस३ कडक उन्हाला. एकच घ्यायचा तर इथल्या उन्हात एस२ घेतलात की बहुतेक दिवस निघतात. ऊन हलकं समजू नका. डेन्व्हर १,६०९ मीटरवर आहे, जवळपास आपल्या कळसूबाईइतकं. ब्रेकनरिज या स्की रिसॉर्टचा पायथाच २,९२६ मीटर. तिथे बर्फावरून उलटं येणारं ऊन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला भाजतं, सनस्क्रीन तिथे लावा.

कपड्यांत मात्र तुमची आजी जिंकली. मुलांची जॅकेट आणि बिब पँट (छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली) वाढत्या मापाची खुशाल घ्या. काहींच्या बाहीत आतली शिवण उसवून लांबी वाढवायची सोयच असते. खाली सुती काही नको, जीन्स नकोच नको. सुती कपडा घामाने ओला झाला की वाळत नाही. घरी विणलेला खरा लोकरीचा स्वेटर असेल तर मधल्या थरासाठी तो उत्तम. मफलर नको, लिफ्टमध्ये अडकतो; गळ्यापुरती नळी मिळते ती घ्या. मुलांना बोटांचे हातमोजे देऊ नका, एकत्र बोटांचे घ्या, आणि दोन जोड घ्या. पहिला जोड अकरा वाजेपर्यंत भिजलेला असतो.

रात्री बूट गाडीच्या डिकीत ठेवू नका. सकाळी प्लास्टिक दगडासारखं होतं, पाय आत जात नाही आणि पार्किंगमध्ये भांडण होतं. अस्तर ओलं असेल तर काढून खोलीत सुकवा, हीटरला चिकटवून नाही. गाडीचे टायरही याच यादीत धरा: डोंगराकडे जाणाऱ्या आय-७० महामार्गावर मॉरिसन ते डॉट्सेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे योग्य टायर किंवा साखळ्या गाडीत असणं कायद्याने लागतं.

पहिल्या दिवशी शिकवणी घ्याच. नवऱ्याने बायकोला आणि आईने मुलाला स्की शिकवू नये, यात मला एकही अपवाद सापडलेला नाही. लव्हलँड या स्की रिसॉर्टला नवशिक्यांसाठी वेगळं मैदान आहे, गर्दीतून कोणी अंगावर येत नाही. शिकवणीबरोबर सामान मिळत असेल तर आधी तसं एकदा जाऊन या आणि मगच सीझनचं भाडं भरा. तेवढ्यात दुकानातली मापं संपायला नकोत, एवढंच बघा. दुकानात दुपारनंतर जा, दिवसभराने पाऊल थोडं फुगलेलं असतं. घालणार तेच मोजे बरोबर न्या. आणि आदल्या रात्री चौघांच्याही पायांची नखं कापा. रात्री नखं कापू नयेत असं घरात असेल तर सकाळी कापा, पण कापा.